गठाणवाले बुवा

आपल्या पणजोबांचे नाव काय, असे मी आपणांस विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजण ते तत्काळ सांगतील. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत मीही सांगत असे. दर अक्षय्यतृतीयेस पितरांच्या नावाने घागर भरताना माझे वडील जी तीन नावे घेत, तीच त्यांच्यामागे मी घेऊ लागलो. त्यांतील तिसरे नाव माझ्या पणजोबांचे नव्हते, दुसऱ्याच एका गृहस्थाचे होते, हे मला शाळेतून निवृत्त झाल्यावर कळले. ते कसे कळले आणि खरे नाव कोठे सापडले, याची हकीकत आज सांगावयाची आहे. हकीकत माझ्या घरची आहे खरी. पण ज्यांचे पूर्वज हातावर पोट घेऊन जगले अशा पुष्कळ घरांत ती थोड्याफार फरकाने घडलेली असणार.

मी घाटंजीचा. यवतमाळ जिल्ह्यातील ही कापसाची पेठ. आमच्याकडे दसरा-दिवाळीपासून शिमग्यापर्यंत कापसाच्या गाड्यांशिवाय दुसरा विषय नसे. जिनात सरकी वेगळी व्हायची, रुई वेगळी व्हायची आणि ती रुई प्रेसमध्ये दाबून, तरटात गुंडाळून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून तिची गठाण बांधायची. त्या काळची गठाण सुमारे ४०० रत्तलांची. आजची १७० किलोग्रॅमची. ही गठाण बांधण्याच्या कामावर माझे पणजोबा होते. हंगाम आला की ते गाव सोडून यवतमाळच्या प्रेसवर जात आणि हंगाम सरला की परत येऊन दुसऱ्याच्या शेतात राबत. यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत अरुंद रुळांची आगगाडी पुढे सुरू झाली. तत्पूर्वी गठाणी बैलगाडीने धामणगावच्या स्टेशनास न्याव्या लागत.

घरात त्यांच्याविषयी दोनच गोष्टी ठाऊक होत्या. एक, त्यांना सारे ‘गठाणवाले बुवा’ म्हणत. दुसरी, ते मानमोडीत वारले. मानमोडी म्हणजे १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ. त्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली आणि मध्यप्रांत-वऱ्हाडास तर तिचा तडाखा फारच बसला. माझी आत्याबाई, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, नव्वदीला टेकलेली, पण बुद्धी तल्लख. तिला मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “दसऱ्याले प्रेसवर गेला अन् दिवाळीच्या आंदी घरी आला थो मराले. माही आजी सांगे ना! बाकी मले काई ठाऊक नाई बावा.”

निवृत्तीनंतर घरची जुनी ट्रंक लावीत असताना एक खरेदीखत हाती आले. सहा खण जागेचे, १९३१ सालचे. लिहून घेणार म्हणून ज्या गृहस्थाचे नाव होते ते आमच्या घागरीच्या तिसऱ्या नावाशी अक्षरशः जुळत होते, आडनावासकट. खाली त्यांच्या अंगठ्याची निशाणी. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. १९१८ साली वारलेला मनुष्य १९३१ साली अंगठा उठवून जागा विकत घेतो, हे कसे? एक तर आत्याबाईंची आजी खोटे बोलली, नाही तर आम्ही दोन माणसांचे एक करून ठेवले होते.

येथे थोडे विषयांतर करतो. वंशावळ ही वस्तू आपल्याकडे जन्मास कशी येते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्या घरांत दहा-दहा पिढ्यांच्या वंशावळी निघतात. त्या पूर्वजांवरील भक्तीने लिहिल्या गेल्या, अशी आपली समजूत असते. माझे मत निराळे आहे. बहुतेक वंशावळी भांडणातून लिहिल्या गेल्या. वतनाचा वाटा कोणाचा, मान कोणाचा, थोरली शाखा कोणती, असा तंटा उपस्थित झाला की गोत जमायचे, महजर व्हायचा आणि पुरावा म्हणून वंशवृक्ष लिहून काढावा लागायचा. ज्याला वतन नाही त्याला तंटा नाही, आणि ज्याला तंटा नाही त्याला वंशावळही नाही. तीर्थक्षेत्रींच्या उपाध्यायांच्या वह्यांत नावे असतात हे खरे. पण त्र्यंबकेश्वरास किंवा काशीस जावयाचे तर गाडीभाडे लागते. माझे पणजोबा प्रेसपलीकडे कोठे गेल्याचे ऐकिवात नाही.

दुसरे कारण याहून नाजूक आहे. घराण्याच्या आठवणी सांभाळतात त्या बायका. आजी नातवंडांस गोष्टी सांगते, आजोबा विडी ओढीत ओसरीवर बसलेले असतात. आणि नेमक्या ह्याच बायकांना नवऱ्याचे, सासऱ्याचे, दिराचे नाव तोंडाने घेण्याची बंदी! लग्नात आणि डोहाळेजेवणात उखाण्यातून काय घेतील तेवढेच. माझी पणजी १९५० च्या सुमारास वारली. बत्तीस वर्षे ती वैधव्यात जगली, नातवंडांस नवऱ्याविषयी सांगत राहिली, आणि एकदाही तिने त्यांचे नाव घेतले नाही. ‘तुमचे बुवा’ एवढेच म्हणे. माझे आजोबा सांगू शकले असते. परंतु तेही पुढे दोन-तीन वर्षांत गेले. त्या वेळी माझे वडील शाळकरी पोर होते. मागे राहिले ते कागद, आणि कागदावर जे नाव होते ते वडिलांनी घागरीवर घेतले.

तेव्हा आजोबांचा सर्वांत जुना कागद कोणता, तो पाहणे प्राप्त होते. मी मास्तर असल्याने पाय आपोआप शाळेकडे वळले. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर ही आपल्या देशात गरिबाच्या नावाची पहिली ठाम नोंद. ज्याच्या घरात दुसरा कागद नाही त्याच्याही पोराचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख आणि धंदा तेथे सापडतो. त्या नोंदीवर लोक किती भिस्त ठेवतात आणि ती कशी लिहिली जाते, हे दोन्ही मला ठाऊक आहे. म्हणून एक कबुली येथेच देऊन टाकतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मी स्वतः कित्येक मुलांची जन्मतारीख एक जुलै अशी ठोकून दिलेली आहे. आई सांगे, “पोळ्याच्या मागच्या वर्सी झाला.” त्याला सहावे वर्ष लागले आहे असे दिसेल अशी तारीख मी लिहून टाकी. त्या मुलांपैकी काही आज त्याच तारखेने निवृत्त होत आहेत.

आजोबांची नोंद १९२२ सालच्या पानावर मिळाली. बापाच्या नावाच्या रकान्यात तेच खरेदीखतातले नाव, धंदा मजुरी. पण शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरांत दोन शब्द होते : ‘मामाकडे राहतो’.

श्रोते हो, मी कित्येक वर्षे तशाच रजिस्टरांत लिहीत आलो. त्यामुळे तो प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर स्पष्ट उभा राहिला. सात वर्षांच्या पोराचे बोट धरून मामा शाळेत आला असेल. मास्तरांनी न मान वर करता विचारले असेल, “बापाचे नाव?” आणि मामाने आपले नाव सांगितले असेल. का सांगितले? प्रश्न नीट न कळून? की ‘तुझे नाव काय’ असेच मास्तरांनी विचारले? की त्याला स्वतःला मूलबाळ नव्हते म्हणून? ते तिघेही आज नाहीत. पणजी सोबत आली असती तरी तिने ओठ मिटूनच घेतले असते. एवढे खरे की त्या दिवशी त्या पानावर माझ्या आजोबांचा बाप बदलला, आडनाव बदलले, आणि त्यांच्यापुढील चार पिढ्या तेच आडनाव लावीत आहेत. मीही लावतो. माझ्या सेवापुस्तकावर तेच आहे.

आता खरे नाव शोधावयाचे ते १९१८ च्या मृत्यूच्या नोंदीत. आमच्या विदर्भात गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी ‘कोतवाल बुक’ या नावाने ओळखल्या जातात. अलीकडे जातीच्या दाखल्यांसाठी त्यांना फार भाव आला आहे. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तर दप्तरखान्यांत मोडी वाचणाऱ्यांची चणचण भासू लागली. मी गेलो तो त्याच्या काही वर्षे आधी. प्रथम अडचण आली ती ठिकाणाची. घाटंजी आज तालुका आहे. पण त्या काळी जिल्ह्याचे तालुके यवतमाळ, दारव्हा, केळापूर, वणी आणि पुसद एवढेच होते. शिवाय जिल्ह्याचेच नाव १९०५ पर्यंत वणी जिल्हा असे होते. तेव्हा आजच्या नकाशावरून जुना बस्ता शोधणारा मनुष्य चुकीच्या दारी उभा राहावयाचा. मी दोन दारी उभा राहिलो. तिसऱ्या दारी बस्ता मिळाला.

दुसरी अडचण लिपीची. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आणि आमच्या वेळी मोडी शाळेतून गेलेली. निवृत्तीनंतर सहा महिने बसून मी ती बाराखडीपासून गिरवली. मोडीत लिहिणारा आधी पानभर रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरे लोंबकळत सोडतो. ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही, शब्दाशब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. ‘राम’ आणि ‘नाम’ यांचा उलगडा कधी कधी मागच्या-पुढच्या ओळीवरूनच करावा लागतो. या वयात विद्यार्थी होण्यात एक निराळी गंमत आहे, हे जाता जाता सांगतो. छडी खाण्याचे भय नसते.

याच दिवसांत पुण्यास नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाने मला इंग्लंडमधील नोंदींची माहिती दाखवली. मी थक्क झालो. तेथे जन्म, विवाह, मृत्यू यांची सरकारी नोंदणी १८३७ पासून आहे. दर दहा वर्षांच्या खानेसुमारीत १८४१ पासून माणसांची नावे लिहिलेली असून ते कागद जपून ठेवले आहेत आणि शंभर वर्षे उलटली की लोकांस खुले होतात. १९२१ सालचे कागद २०२२ च्या जानेवारीत खुले झाले. १९११ च्या खानेसुमारीचा तक्ता तर कुटुंबप्रमुखाने स्वहस्ते भरलेला जसाच्या तसा पाहावयास मिळतो. लग्नाला किती वर्षे झाली, मुले किती झाली, त्यांतली किती गेली, हेही त्यात आहे. लँकेशायरमधील एखाद्या गिरणीकामगाराचा पणतू घरबसल्या आपल्या पणजोबाचे हस्ताक्षर पाहू शकतो. दैव तेथेही आडवे येतेच; १९३१ च्या खानेसुमारीचे सर्व कागद १९४२ साली आगीत जळाले. आपल्याकडे १८७२ पासून शिरगणती होते आहे, पण तिचे तक्ते उरले, माणसांच्या नावांच्या चिठ्ठ्या उरल्या नाहीत. वऱ्हाडात किती माणसे होती ते सांगता येते. कोण होती ते सांगता येत नाही.

आणि लँकेशायरचे नाव मी उगाच घेत नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले असता तेथला कापूस बंद झाला, तेव्हा तेथील गिरण्यांनी आमच्या वऱ्हाडच्या कापसाकडे धाव घेतली. लिव्हरपूलच्या बाजारात आमच्या रुईस अमरावतीवरून ‘ऊमरा’ असे नावच पडले होते. पुढे ती जपानास जाऊ लागली, मुंबईच्या गिरण्यांसही लागली. म्हणजे गठाणीच्या एका टोकास माझ्या पणजोबांसारखा मजूर आणि दुसऱ्या टोकास तेथला विणकर. त्या विणकराचे नाव, गल्ली, वय, बायकोपोरे कागदावर आहेत. इकडे १९२५ साली जिनिंग-प्रेसिंगचा कायदा झाला. त्याने प्रत्येक गठाणीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणे व त्याचे रजिस्टर ठेवणे बंधनकारक केले. कापूस कोणाचा, गठाण कोणत्या प्रेसची, कितवी, हे सारे कळावे अशी तजवीज झाली. कापसात पाणी मारून भेसळ करणारांस ही वेसण हवीच होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण गठाणीस क्रमांक मिळाला, तो बांधणारास काही मिळाले नाही.

याहून विचित्र गोष्ट मॉरिशसची. गेल्या शतकाच्या मागील शतकात आपल्या कोकणातून पुष्कळ मजूर करारावर त्या बेटात उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांची वंशज मराठी कुटुंबे आजही तेथे गणपती बसवितात. त्या बेटात उतरणाऱ्या प्रत्येक मजुराची नोंद झाली : क्रमांक, जहाज, बापाचे नाव, गाव, उंची, अंगावरची खूण. पुढे पुढे तर त्यांची छायाचित्रेही काढली गेली. तेथील महात्मा गांधी संस्थेत ती दप्तरे आहेत आणि वंशजांना त्यांच्या आधारे आपला पूर्वज शोधता येतो. जो परमुलखात कष्टास गेला त्याचे नाव राहिले, ते अर्थात त्याच्यावर माया होती म्हणून नव्हे. मळेवाल्यांना माणसे मोजून हवी होती. पण राहिले खरे. जो आपल्या गावी राहिला त्याच्या नावाची काळजी कोणालाच नव्हती.

असो. कोतवाल बुकाकडे येतो.

१९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पाने उघडली तेव्हा प्रथम मी नावे वाचलीच नाहीत. इतर महिन्यांस अर्धे पान पुरत असे, त्या दोन महिन्यांस पानेच्या पाने लागली होती. मरणाच्या कारणाच्या रकान्यात एकच शब्द, ओळीमागून ओळ : ताप, ताप, ताप. काही ओळींनंतर लिहिणाऱ्याने तोही शब्द सोडून नुसती रेघ ओढली आहे. पुढे एके ठिकाणी अक्षर बदलते. आधीच्या लिहिणाऱ्याचे काय झाले, ते मी पाहावयास गेलो नाही.

मामाचे गाव निराळे. पणजोबांचे गाव तेथून दोन कोसांवर. त्या गावाच्या नोंदींत त्या दोन महिन्यांत एकाच नावाचे दोन पुरुष वारलेले होते. दोघांच्याही नावापुढे ‘वल्द’ लिहून बापाचे नाव होते, आणि आमच्या घरी तर बापाचे नाव कोणास ठाऊक असणार! मी हताश होऊन वही मिटणार, तोच दुसऱ्या नोंदीत नाव आणि ‘वल्द’ यांच्यामध्ये एक जास्तीचा शब्द कोंबलेला दिसला. मोडीतला तो शब्द मी तीनदा लावून पाहिला. ‘गठाणवाला’. एकाच नावाचे दोघे गेल्यामुळे घोटाळा होऊ नये म्हणून लिहिणाऱ्याने तो घातला होता. ज्या टोपणनावाने पणजोबांचे नाव घरातून पुसून टाकले, त्याच टोपणनावाने ते वहीत ओळखू आले. वय तीस. कारण ताप. तारीख दिवाळीच्या चार दिवस आधीची. आत्याबाईंची आजी खोटे बोलली नव्हती.

खातरजमा म्हणून तीन वर्षे मागे गेलो. १९१५ च्या पानावर त्याच मनुष्यास मुलगा झाल्याची नोंद आहे. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव नसते, बापाचेच असते. पण आजोबांच्या वयाशी ते वर्ष जुळते. न्यायालयात हा पुरावा कितपत टिकेल, हे वकिलांनी सांगावे. मला तो पुरेसा आहे.

नकलेसाठी अर्ज लिहीत असताना त्याच पानावर आणखी एक ओळ दिसली. तीन नोंदी खाली, दोन दिवसांनंतरची. त्याच गठाणवाल्याची मुलगी, वय दोन वर्षे, ताप. आजोबांस धाकटी बहीण होती, हे आमच्या घरात कोणाही जिवंत माणसाला ठाऊक नव्हते. पणजीने नवऱ्याच्या गोष्टी बत्तीस वर्षे सांगितल्या. हिच्याविषयी ती कधीही बोलली नाही.

घरी येऊन सर्वांस जमविले आणि नक्कल वाचून दाखवली. धाकट्या भावाचे म्हणणे पडले की आपण आपले मूळचे आडनाव परत घ्यावे. माझ्या मुलाने त्यास साफ विरोध केला. शाळेचे दाखले, जातीचे प्रमाणपत्र, नोकरी, घराचे कर्ज, सारे एकाच आडनावावर उभे आहे. ते हलविले तर नातवंडे निस्तरीत बसतील, असे तो म्हणाला, आणि ते खोटे नव्हते. बराच वेळ वाद झाला. आत्याबाई कोपऱ्यात बसून वाती वळीत होती. ती शेवटी एवढेच बोलली, “ज्यानं पोराले शाळेत घातलं, त्याचं नाव कसं काय काढता रे?”

आडनाव आहे तेच राहिले. त्यानंतरच्या अक्षय्यतृतीयेस कुंभाराकडून मी नेहमीपेक्षा तीन मडकी अधिक आणली. वडिलांची आणि आजोबांची घागर भरली, मामांची पूर्वीसारखीच भरली. चौथी गठाणवाल्या बुवांची. त्यांचे नाव घेताना जीभ जरा अडखळली, कारण त्या घरात ते प्रथमच उच्चारले जात होते. पाचवी त्यांच्या बापाची, ‘वल्द’ या एका शब्दामुळे हाती आलेली. सहावे लहानसे मडके त्या दोन वर्षांच्या मुलीचे. ते भरताना सून मला म्हणाली, “मामंजी, नाव काय घ्यायचे?” कोतवालाच्या वहीत ते लिहिलेले नाही.